मोडीचा भाव, हौसेचा भाव

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. इथे जुनी घागर विकायला नेली की दुकानदार ती आधी तराजूत ठेवतो. वजनावर मोडीचा भाव ठरतो, घडणावळ कुणी धरत नाही. घागरीवर आजीचे नाव कोरलेले असले तरी त्या अक्षरांचे पैसे मिळत नाहीत. अब्बांच्या पश्चात त्यांच्या मारुती झेनचे काय करायचे, हा प्रश्न आला तेव्हा मला हा तराजू आठवला.

गाडी 2003 ची, पांढरी, पाच दरवाजांची, एमएच-36 क्रमांकाची. भंगारवाल्याने चारही बाजूंनी फिरून पाहिली आणि वजनाचा भाव सांगितला. त्याच आठवड्यात नागपूरहून एक तरुण आला. त्याच्याकडे ‘झेन कार्बन’ होती आणि तिच्यासाठी आमच्या गाडीचे सुटे भाग हवे होते. त्याने दिलेला आकडा भंगारवाल्याच्या कितीतरी पुढे होता. गाडी एकच, भाव दोन. हे कसे, याचा शोध घेताना मला थोडा इतिहास वाचावा लागला.

1990 मध्ये सुझुकीने जपानमध्ये ‘सर्व्हो मोड’ नावाची छोटी गाडी आणली. तिथल्या 660 सीसीच्या वर्गातली ही गाडी. तिच्या ‘एसआर-फोर’ या प्रकाराला चार सिलिंडरचे टर्बो इंजिन होते, एवढ्याशा गाडीत एवढी चपळाई! तोच साचा घेऊन मारुतीने 1993 मध्ये आपल्याकडे झेन आणली. टर्बो आले नाही, पण 993 सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन आणि हलके अंग यांमुळे ती त्या काळच्या रस्त्यावर झपकन सुटायची. मारुती 800 घराघरांत होतीच. झेन ही ज्याला गाडी चालवण्याची आवड, त्याची गाडी मानली गेली. नावही गंमतीचे. आपले ‘ध्यान’ पालीत ‘झान’ झाले, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’. आपलाच शब्द चाके लावून परत आला.

2003 मध्ये कंपनीने तीन दरवाजांच्या दोन खास आवृत्त्या काढल्या : काळी ‘कार्बन’ आणि चंदेरी ‘स्टील’. प्रत्येकी 300, म्हणजे एकूण 600 गाड्या. 2006 मध्ये मूळ झेनच बंद झाली. कार्बनचे लांब दार चेपले तर पाच दरवाजांच्या झेनचे दार तिथे बसत नाही. म्हणून मूळ दारे, मूळ रंग आणि कागदपत्रे शाबूत असलेल्या गाडीला हौशी माणूस जास्त पैसे मोजतो. इंजिन, गिअरबॉक्स मात्र सामान्य झेनमधून मिळू शकतात. म्हणजे एक दुर्मिळ गाडी जगवायला अनेक सामान्य गाड्या मोडाव्या लागतात. नागपूरचा तरुण आमच्या अंगणात आला तो त्यासाठीच.

पण संख्या कमी असली म्हणजे भाव वाढतोच असे नाही. कायदाही भाव ठरवतो. होंडाची सिव्हिक टाइप आर ही तीन दरवाजांची वेगवान गाडी जपानमध्ये 1997 मध्ये आली. अमेरिकेत 25 वर्षे जुन्या गाडीला आयातीसाठी तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. त्यामुळे 2022 पासून पहिल्या टाइप आरला तिथले दार उघडले. वय वाढले आणि गिऱ्हाईकही वाढले.

आपल्याकडे वय उलटे चालते. खासगी गाडीला 15 वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण, ते 5 वर्षांपुरते. अब्बांनी 2018 मध्ये ते केले तेव्हा शुल्क 600 रुपये होते. 1 एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले आणि 2023 मध्ये आम्ही तेवढे भरले. दुसरीकडे, जुलै 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक दिला. म्हणजे 15 व्या वर्षी म्हातारी आणि 50 व्या वर्षी मानकरी. मधली 35 वर्षे गाडी कुणाची? कार्बनलासुद्धा हा मान 2053 च्या आधी नाही. तोवर तिला सांभाळणार तो मालकच, स्वतःच्या खिशातून.

वर्गात मी उर्दू शिकवताना ‘कमयाब’ आणि ‘नायाब’ यांतला फरक सांगतो. कमयाब म्हणजे क्वचित मिळणारे, आपले ‘दुर्मिळ’. नायाब म्हणजे मिळतच नाही ते. कार्बन आज कमयाब आहे. आमच्यासारख्या साध्या झेन सगळ्या सुट्या भागांत गेल्या, तर उद्या साधीच गाडी नायाब होईल, आणि तिला तर कुणी मोजूनही ठेवलेले नाही.

‘किंमत’ आणि ‘कदर’ हे दोन्ही शब्द अरबीतून येऊन मराठीत रुळले. किंमत बाजार सांगतो. कदर करायला माणूस लागतो.

त्या तरुणाला मी गाडीचे ऐब आधी सांगितले. माल विकताना दोष लपवणे आपल्याकडे हरामच. तळाला गंज आहे, दुसरा गिअर अडकतो. आकडा खाली येणार हे मला माहीत होते, आणि तो आलाही. मग तो गाडीखाली शिरला, बराच वेळ खाटखूट करून बाहेर आला आणि म्हणाला, “सर, गिअरबॉक्स ठीक आहे. लिव्हरकडचा बुश झिजलाय.”

मी गाडी विकली नाही. त्याने पुढच्या आठवड्यात बुश पाठवला. पैसे विचारले तर म्हणाला, “चालती ठेवा, बस.” 2028 मध्ये पुन्हा नूतनीकरण आहे. शुल्क तेव्हा जे असेल ते असेल. त्याचे पैसे मी आत्तापासून बाजूला टाकतो आहे.