कासवछाप घासणीचं गाणं

साल 1983. तू ओसाकात आहेस. एका लहान घरात जमिनीवर मांडी घालून बसली आहेस आणि समोरच्या रेकॉर्डवर सुई नुकतीच टेकली आहे. गिटार जरा कर्कश, ड्रमचा ठेका सरळसोट, वर बायकांचे आवाज. शब्द जपानी. तुला एकही कळत नाही, पण मान हलायला लागली आहे.

घरची मुलगी उठते, मोरीवरून काहीतरी उचलून आणते आणि तुझ्या तळहातावर ठेवते. गाणं ह्याच्यावर आहे, असं ती खुणेने सांगते. तपकिरी, लांबुळकी, राठ धाग्यांची वस्तू. ताडाच्या जातीतल्या झाडाच्या धाग्यांना तारेत पीळ घालून बांधलेली, कासवछाप घासणी. जपानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून घरोघरी भांडी घासायला हीच. तुला ती ओळखायला वेळ लागत नाही. फोंडाघाटला तुझ्या आजीने जन्मभर चुलीवरची टोपं नारळाच्या सोडणाला राख लावून घासली. त्या सोडणावर कुणी गाणं करील हे मात्र तुझ्या मनात कधी आलं नव्हतं. चतुर्थीच्या रात्री खळ्यात फुगडीला उभं राहून तू कारल्यावर गायलीस, सासूवर गायलीस, मग सोडण कसं राहिलं?

बँडचं नाव शोनेन नाइफ, रेकॉर्डचं ‘बर्निंग फार्म’. नाओको यामानो, तिची धाकटी बहीण आत्सुको आणि मैत्रीण मिचिए नाकातानी यांनी 1981 च्या डिसेंबरात बँड काढला. नाओको गिटारवर, मिचिए बासवर, आत्सुको ड्रमवर. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात बँड. गाणी आपली आपण रचायची, आणि कार्यक्रमाचे कपडेही आत्सुकोच शिवणार. बीटल्स, रामोन्स आणि बझकॉक्स ऐकून कान तयार झालेले, पण लिहायचं ते प्राण्यांवर, खाऊवर, घासणीवर. पंक म्हणजे सतत कुणावर तरी संतापलेलं असणं, असं मानणाऱ्यांना ह्यात पंक सापडत नाही. मला सापडतं. आपल्या मोरीवरची वस्तू गाण्याच्या लायकीची आहे की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारायला न जाण्यात ते आहे.

आता 1985. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिंपिया. बाहेर पाऊस आहे, पण तो भुरभुरता. आषाढात घाटाखाली कोसळणारा पाहिलेल्या तुला तो पाऊस वाटतच नाही. इथे कॅल्विन जॉन्सनच्या के रेकॉर्ड्सने ‘बर्निंग फार्म’ची कॅसेट काढली आहे. एका खोलीत मुलंमुली ती ऐकताहेत. मतं पडायला लागतात. किती गोड, एक जण म्हणतो. वाजवता येत नाही म्हणूनच मजा आहे, दुसरा म्हणतो. तू गप्प बसतेस, पण तुला खटकतं. ह्या कौतुकात ऐकणं कमी आणि न्याहाळणं जास्त आहे. तीन जपानी मुली हातात गिटार घेतात, ह्याचंच त्यांना नवल. नाओकोची चाल दुसऱ्या ओळीत अनपेक्षित वळण घेते तिकडे त्यांचं लक्ष नाही. कोपऱ्यातली एक मुलगी मात्र मत देत नाही. मांडीवर गिटार घेऊन ती कॅसेट मागे फिरवते, पुन्हा लावते, बोटं कुठे पडतात ते शोधत राहते.

तिच्यासारखी माणसं 1989 मध्ये एकत्र भेटतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेक बँडनी शोनेन नाइफचं एकेक गाणं वाजवून अख्खा अल्बम काढला. सॉनिक यूथ, रेड क्रॉस, एल सेव्हन असे दणकट, गोंगाट करणारे लोक. तो अल्बम तू नीट ऐक, कारण चाहत्यांचं याहून खरं मत मला कुठे दिसलेलं नाही. सॉनिक यूथच्या हातात ‘बर्निंग फार्म’ गेलं की कर्कश तारांचा धूर उठतो. पोशाख, चेहरे, मोडकं इंग्रजी, ज्या ज्या गोष्टींना लोक गोड म्हणत होते त्या सगळ्या गळून पडतात, आणि तरी चाल उभीच राहते. वाजवता येत नाही म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे.

त्याच वर्षी त्या तिघी लॉस एंजेलिसला येऊन वाजवतात. पुढच्या वर्षी रेड क्रॉसवाले आपल्या अल्बममध्ये ‘शोनेन नाइफ’ नावाचं गाणं घालतात. 1991 मध्ये ‘712’ ह्या अल्बममध्ये त्या तिघी ‘रेड क्रॉस’ नावाचं गाणं करून परतफेड करतात. भजनाच्या डबलबारीला रात्रभर बसलेल्या तुला हे समजावून सांगायची गरज नाही. समोरच्या बुवाने बारी केली की तिला बारीनेच उत्तर द्यायचं असतं.

1991 चा हिवाळा जवळ आला आहे. तू इंग्लंडमधल्या एका सभागृहात, घामेजलेल्या गर्दीत उभी आहेस. निर्वाणा ह्या अमेरिकी बँडचा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबरात आला आणि दौरा चालू असतानाच जग त्यांच्यामागे धावायला लागलं आहे. त्यांच्या आधी रंगमंचावर येतात त्या ओसाकाच्या तिघी. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन, त्याला त्याच हव्या होत्या. आपल्या पन्नास आवडत्या रेकॉर्डांच्या, हाताने लिहिलेल्या यादीत त्याने ‘बर्निंग फार्म’ला जागा दिली. नाओकोला मात्र निर्वाणावाले कोण ते ठाऊक नव्हतं. फोटो पाहून भीतीच वाटली होती, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. बाजूच्या पडद्याआड बघ: ज्याला ऐकायला हा जमाव आला आहे, तो त्या तिघींना ऐकताना लहान पोरासारखा हरखला आहे.

मग 1992, आणि चाहत्यांत उभी फूट. मोठ्या कंपनीने ‘लेट्स नाइफ’ काढला. जुनी बरीच गाणी नव्याने, स्वच्छ ध्वनिमुद्रणात, पुष्कळशी इंग्रजीत. घासणीचं गाणंही त्यात आहे. एका गटाचं म्हणणं, आता कुठे गाणी नीट ऐकू येतात. दुसऱ्याचं म्हणणं, जीव गेला. ह्याच अल्बममध्ये बायसनला धीर देणारं एक गाणं आहे. तो अमेरिकेचा बायसन, आपला गवा वेगळा. पण दाजीपूरच्या जंगलातून घाट उतरून भातात शिरणारा गवा पाहिलेली तू त्या गाण्याशी थोडी जास्त वेळ थांबतेस.

‘बर्निंग फार्म’ आणि ‘लेट्स नाइफ’, दोन्ही कॅसेटी पिशवीत टाक आणि ह्याच भाद्रपदात घरी चल. कोकण रेल्वे अजून यायची आहे. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे एसटी घाट उतरते आणि फोंड्याच्या बाजारात तुला सोडते. रात्री फुगडी थांबते, बायका पाणी प्यायला बसतात, तेवढ्यात तू टेपरेकॉर्डर लावतेस.

“गे बाय, सोडणाचा गाणा?” काकी विचारते. “भांडी आमी घासतंव आणि गाणा त्येंचा!”

हसणं ओसरल्यावर तू दोन्ही गाणी पुन्हा लावतेस, आधी जुनं, मग नवं. आजी डोळे मिटून ऐकते.

“पयला बरा,” ती म्हणते. “त्यात त्येंचो श्वास आयकाक येता.”

मी आजीच्या बाजूचा. नवं गाणं वाईट नाही. त्यातला ठेका पक्का आहे, आवाज मोकळे आहेत आणि त्याच अल्बममुळे ओसाकाबाहेरच्या कितीतरी लोकांना हा बँड मिळाला. पण 1983 च्या गाण्यात तिघी एकमेकींकडे बघत वाजवताहेत हे कळतं. एक पुढे पळाली की बाकीच्या दोघी धावत तिला गाठतात. 1992 मध्ये कुणीच मागे पडत नाही. काकीला मात्र नवंच आवडलं आहे, कारण त्यावर फेर धरता येतो. ती उठून ठेका धरून दाखवते, आणि वाद तिथेच अडतो.

एक मुक्काम राहिला. 2011. बँडला तीस वर्षं झाली आहेत. मिचिए आणि आत्सुको बँड सोडून गेल्या आहेत. नाओकोच्या सोबत आता बासवर रित्सुको तानेदा आणि ड्रमवर एमी मोरिमोतो. एवढ्या वर्षांच्या निमित्ताने कोणता अल्बम काढावा? नाओको ‘ओसाका रामोन्स’ काढते: पहिल्यापासून शेवटपर्यंत रामोन्सची गाणी, ती ज्यांच्या मागे वेडी झाली त्यांची. तू ऐकायला बसतेस. पहिलंच गाणं सुरू होतं आणि गिटार नेहमीपेक्षा जरा जास्तच वेगात आहे.