हॉप्सची बिअर आणि एका दिवसाची माडी

मंडळी, या शनिवारचा विषय जरा ओला आहे, सोवळ्यांनी माफ करावं :-)

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. (नाव आपल्या देवळालीचंच, गोऱ्या सोल्जरांनी बिघडवलेलं.) पुढे अशा ब्रुअऱ्या वाढल्या आणि आम्हा आयटीवाल्यांच्या तोंडी 'आयपीए' रुळलं. म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्सचा सढळ मारा केलेली कडू बिअर. नावात इंडिया, जन्म मात्र इंग्लंडचा.

लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसनने १७५२ मध्ये ब्रुअरी काढली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच ब्लॅकवॉलला भरायची. कॅप्टनांना खाजगी मालाची मुभा असे, आणि हॉजसन त्यांना लांबच्या उधारीवर पिंपं देई. थोडक्यात, ब्रुअरी आणि कॅप्टन यांची भागीदारीच! पुढच्या पिढीने कॅप्टनांना डावलून स्वतःच व्यापार करायला घेतला, आणि १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपने ती बाजारपेठ गाठली.

हॉजसनने खास प्रवासासाठी आयपीए शोधून काढली, ही गोष्ट मात्र खरी नाही. उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये जास्त हॉप्स घाला, असा सल्ला १७६० च्या दशकातच दिला जात होता. हॉप्समधली कडू आम्लं बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात. त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबईत पिंप उघडलं तरी बिअर पिण्याजोगी राही.

आता मुंबईच्या दक्षिणेला, राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या दिघीला येऊ. या किनाऱ्यावरचं पेय म्हणजे माडी. माडाची पोय बांधायची, टोक तासायचं, खाली मडकं लावायचं. रस मडक्यात पडतानाच हवेतलं यीस्ट कामाला लागतं. सकाळी गोड, दुपारी चढणारी, दुसऱ्या दिवशी आंबट. हॉप्स नाहीत, त्यामुळे टिकणं नाही, आणि जहाजाचा तर प्रश्नच नाही.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. पिंपातल्या मालावर बंदरात जकात घेता येते, भट्टीच्या दारूवर भट्टीच्या दारात. वाडीवाडीत निघून संध्याकाळपर्यंत संपणाऱ्या माडीला पकडणार कुठे? तर झाडापाशी! मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने रस काढायला परवाना लागला आणि कर झाडामागे बसला. दिघी तेव्हा जंजिरा संस्थानात होती, पण शेजारचा कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) थेट इंग्रजांचा. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरही निर्बंध आले. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याला रस किती निघेल, भाव काय मिळेल हे ठाऊक नसे. कर मात्र आधीच ठरलेला.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना आज दोघांनाही लागतो, पुण्याच्या ब्रुअरीलाही आणि माडीलाही. ब्रुअरी तो खर्च ग्लासाच्या किमतीत घालू शकते. एका दिवसात नासणारा माल विकणाऱ्याला ती सोय कधीच नव्हती.

हॉप्सची वेल थंड प्रदेशातली. आपल्याकडे थोडी हिमाचलच्या लाहौलमध्ये होते, बाकी बहुतेक बाहेरून येते. म्हणजे 'इंडिया' नावाच्या बिअरचा कडूपणा आजही बराचसा आयातच. आणि इथे माडाखाली निघणाऱ्या पेयाला ना लेबल, ना ब्रँड. इतिहासात ते सापडतं ते करापुरतं.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.