कंपनी गेली, पावती फाटली, तरी विमा बुडत नाही

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण कपाटातल्या जुन्या पिशवीशी तिचा संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

घरातलं म्हातारं माणूस गेलं की ट्रंकेतून विम्याची एखादी जुनी पावती निघते. पॉलिसी नंबर पुसलेला, शाखेचा शिक्का अर्धाच. कधी तर कंपनीचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. मग ‘बुडाले असतील पैसे’ म्हणून कागद परत पिशवीत जातो. पण पैसे बुडालेच असं समजायचं कारण नाही. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

एकेकाळी इंग्रजी कंपन्या भारतीय माणसाचा विमा उतरवत नसत, उतरवलाच तर जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. १८७४ मध्ये ओरिएंटल आली. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात विमा कंपन्यांचं पीक आलं. मोठ्या शहरांतच नव्हे, १९१३ मध्ये साताऱ्यातही वेस्टर्न इंडिया लाइफ ही कंपनी उभी राहिली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदांवर अशी नावं दिसतात ती यामुळे.

पण सगळ्याच कंपन्या सचोटीच्या नव्हत्या. लोकांचे हप्ते मालकांच्या दुसऱ्या धंद्यांत वळवले जात. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्सचं प्रकरण उघड केलं. त्याआधीच्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्यांचं दिवाळं निघालं होतं आणि आणखी २५ कंपन्यांचा कारभार इतरांकडे सोपवावा लागला होता. नुकसान झालं ते विमेदारांचं.

शेवटी १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री सी. डी. देशमुख, म्हणजे आपले रायगडचे चिंतामणराव, रेडिओवर बोलले. सरकारने वटहुकूम काढून सगळ्या आयुर्विमा कंपन्यांचा कारभार हाती घेतला होता. आधी कुणकुण लागली असती तर तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या, म्हणून सगळं गुप्त ठेवलेलं. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली आणि त्यात भविष्यनिर्वाह संस्थांसकट २४५ विमा संस्था विलीन झाल्या.

आपल्या कामाचा मुद्दा पुढेच आहे. एलआयसीने कंपन्यांच्या इमारती आणि ठेवी घेतल्या, तशी त्यांची देणीही घेतली. शिवाय कायद्याच्या ३७ व्या कलमाने विमा रकमेला आणि बोनसला केंद्र सरकारची हमी दिली. म्हणजे पाटी बदलली, करार बदलला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात एलआयसीच्या एजंटने घरी येऊन उतरवलेल्या पॉलिसीलाही हीच हमी आहे.

दुसरा गैरसमज : ‘मध्येच हप्ते थकले म्हणजे सगळं गेलं.’ तसं नाही. जुन्या पॉलिसींत साधारण तीन वर्षांचे हप्ते भरलेले असले, तर पॉलिसी कमी रकमेची का होईना, चालू राहते. याला ‘पेड-अप’ म्हणतात.

आता शोधायचं कसं? एलआयसीच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमांचा शोध घेता येतो. नंबर नसला तरी नाव आणि जन्मतारखेवर बघा. नावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी टाका. बाईमाणसाचं माहेरचं नाव टाका. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची घ्या. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनला लावून दिलेला आहे!

तिथे नाव नाही म्हणून सोडून देऊ नका. विमेदार गेल्याचं कुणी कळवलंच नसेल तर मृत्यूचा दावा त्या यादीत येणार कुठून? मग जुनं पासबुक उघडा, पगारपत्रकातली कपात बघा, प्राप्तिकराचे कागद चाळा, एजंटच्या घरी विचारा. पावतीवरचा अर्धा शिक्का शाखा सांगतो. मृत्यूचा दाखला जोडून त्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मूळ पॉलिसी हरवली असेल तर हमीपत्रावर काम होऊ शकतं. नॉमिनी हयात नसेल तर वारसाचे कागद लागतात. दाद लागली नाही तर पुणे-मुंबईत विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही. ‘पैसे सोडवून देतो, आधी एवढे भरा’ असा फोन आला तर सरळ कट करा.

मुदतही लक्षात ठेवा. दहा वर्षं कुणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. त्यानंतरही २५ वर्षं हक्क सांगता येतो. पुढे मात्र ती सरकारजमा होते.

विमा खेडोपाडी पोचवायचा, हे १९५६ मध्ये सांगितलेलं उद्दिष्ट होतं. पोचला. हप्ता घ्यायला माणूस वाडीवस्तीवर आला. मग पैसे परत द्यायची वेळ आली की सत्तरीतल्या विधवेने वेबसाइट का शोधायची? प्रत्येक शाखेने तालुक्यातल्या अशा नावांची यादी ग्रामपंचायतीत लावावी. गावात कोण कुणाचं वारस आहे, हे चावडीवर पाच मिनिटांत कळतं.

ती लागेपर्यंत आपणच आपली ट्रंक उघडू. आणि शेजारच्या आजींनाही विचारा, त्यांच्या फोनवर ही पोस्ट पोचणार नाही.