नेम धरणाऱ्या अंगठ्याची कुळकथा

संध्याकाळी सिडकोतल्या कॅनॉटच्या कट्ट्यावर पब्जी खेळणाऱ्या एखाद्या पोराचे हात नीट पाहा. फोन आडवा, दोन्ही करंगळ्यांवर तोललेला. डावा अंगठा काचेवरच्या गोलावर चालतो-पळतो, उजवा नजर फिरवून नेम धरतो. दोन्ही तर्जन्या वरून वाकलेल्या: एक गोळी झाडते, दुसरी स्कोप उघडते. पोरं या पकडीला ‘क्लॉ’ म्हणतात. ती काही फोनवर अचानक उगवलेली नाही. तिच्यामागे चार दशकांच्या अडचणी आहेत.

मूळ पुरुष जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे गुन्पेई योकोई. 1982 साली निन्टेन्डोला ‘डाँकी काँग’ खिशात मावणाऱ्या, घडी होणाऱ्या यंत्रात बसवायचा होता. उभा दांडा त्यात मावेना. योकोईंनी त्याऐवजी अधिक चिन्हाच्या आकाराचं चपटं बटण दिलं आणि खेळाची सूत्रं अंगठ्याच्या हाती गेली. 1989च्या ‘गेम बॉय’वर तेच बटण आलं. आपल्याकडे टीव्हीला जोडून, पिवळी कॅसेट खोचून ज्यांनी ‘कॉन्ट्रा’ खेळला, त्यांचाही डावा अंगठा याच फुलीवर घासला गेला. त्या खेळांत चालणं आणि नेम धरणं एकच होतं. तोंड जिकडे, गोळी तिकडे.

खेळ त्रिमितीय झाले आणि ही सोय संपली. आता चालायचं एकीकडे, बघायचं दुसरीकडे. 1997 साली सोनीने प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन दांड्या बसवल्या. डावीने चालायचं, उजवीने बघायचं ही आजची रीत 2000 सालच्या ‘एलियन रिझरेक्शन’ने वापरली, तेव्हा एका समीक्षकाने तिला नावं ठेवली. पुढच्याच वर्षी ‘हेलो’ने तीच रीत रूढ केली.

हातातल्या यंत्रांची मात्र पंचाईत झाली. 2004च्या पीएसपीवर दांडी एकच, तीही डावीकडे. मग बघण्याचं काम उजवीकडच्या चार बटणांवर आलं. बटण एक तर दाबलेलं असतं किंवा नसतं. नेम केसभर सरकवायचा, तर मधली अवस्थाच नाही. म्हणून ‘रेझिस्टन्स: रेट्रिब्युशन’ने नेम आपोआप शत्रूवर बसवायला मदत केली, तर ‘किलझोन: लिबरेशन’ने कॅमेराच वर नेऊन प्रश्न टाळला. निन्टेन्डो डीएसवरच्या ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’ने 2006 साली खालच्या पडद्यावर काडी फिरवून नेम धरायला लावला. नेम झकास बसायचा, पण सगळं यंत्र डाव्या हाताने पेलायचं, त्याच हाताने चालायचं आणि गोळीही झाडायची, त्यामुळे बोटं आखडायची. अखेर 2011 साली पीएस व्हिटावर दोन दांड्या आल्या. तोवर लोकांच्या खिशात स्मार्टफोन शिरला होता.

फोनवर तर एकही दांडी नाही. काचेला कड लागत नाही आणि बोटाखाली अर्धा पडदा झाकला जातो. या अडचणीवर उपाय निघाले: हवी तिथे सरकवता येणारी बटणं, नजरेचा वेग ठरवणारी सेन्सिटिव्हिटी आणि फोन कलवून नेम सावरणारा जायरो.

तोच खेळ पुन्हा का खेळावासा वाटतो, याचं उत्तर काही अंशी रचनेत आहे. पब्जीत शंभर खेळाडू आणि साधारण अर्धा तास. फ्री फायरमध्ये पन्नास आणि दहाएक मिनिटं. नकाशा ओळखीचा, पण आकसणारं वर्तुळ आणि सापडणारी हत्यारं दर डावाला वेगळी. उरलेलं उत्तर हातात आहे. फायरचं बटण वर ओढून हेडशॉट मारायला शिकलेला अंगठा ते कसब पुन्हा आजमावायला मागतो. सप्टेंबर 2020 मध्ये भारतात पब्जीवर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ आला, तेव्हा मांडणी जवळपास तीच होती. जुन्या खेळाडूंना नव्याने काही शिकावं लागलं नाही.

म्हणून नव्याने खेळणाऱ्यांना एकच सांगणं: यूट्यूबरची सेन्सिटिव्हिटी जशीच्या तशी उचलू नका. त्याचा फोन वेगळा, त्याचा अंगठा वेगळा. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये स्वतःची मांडणी ठरवा आणि ती हातात बसेपर्यंत बदलू नका.