कणत्वरकाच्या आराखड्यातील माणूस



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा गडकोटांची, स्वाऱ्यांची, फार तर एखाद्या संतचरित्राची असते. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे ते एक यंत्र आहे, आणि तेही आपल्या जिल्ह्यात नसलेले. अणूच्या पोटातील कणांना अफाट वेग देणाऱ्या या यंत्राला कणत्वरक म्हणतात. मी शास्त्रज्ञ नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेला मनुष्य आहे. त्यामुळे कोणत्याही यंत्राविषयी माझ्या मनात पहिला प्रश्न असा येतो की, हे बिघडले म्हणजे आत हात कोण घालणार? हाच प्रश्न घेऊन मी या यंत्राचा इतिहास वाचू लागलो, आणि त्याचे उत्तर त्या यंत्राच्या आराखड्यातच, चक्क आकड्यात मांडलेले सापडले. ते उत्तर आपल्या उपयोगाचे आहे, म्हणून हा विषय निवडला.

प्रथम यंत्र म्हणजे काय ते पाहू. १९३२ साली केंब्रिज येथे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या दोघांनी विजेच्या दाबाने प्रोटॉन नावाचे कण पळवून ते लिथियम या धातूवर आदळविले आणि त्याचा अणू फोडला. त्याच सुमारास अमेरिकेत बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स याने निराळी युक्ती काढली. एकच प्रचंड धक्का देण्याऐवजी कणाला चुंबकाच्या साहाय्याने गोल फिरवावयाचे आणि प्रत्येक फेरीत लहान लहान धक्के द्यावयाचे. पाळण्यावर बसलेल्या मुलाला आपण दर झोक्याला थोडा थोडा रेटा देतो, तसाच हा प्रकार. त्याचे पहिले चक्र जेमतेम तळहाताएवढे होते. या सायक्लोट्रॉनबद्दल लॉरेन्सला १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण या कीर्तीच्या मागे एक कटू प्रकरण आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत असे आढळून आले की, सायक्लोट्रॉनवर काम केलेल्या काही तरुण शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत अकाली मोतीबिंदू उतरला आहे. यंत्रातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांचा तो परिणाम होता. जे यंत्र बांधीत होते तेच त्याच्याजवळ उभे राहून ते जुळवीत होते, दुरुस्त करीत होते. इजा झाली ती त्यांनाच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. कलकत्त्याचे मेघनाद साहा यांनी लॉरेन्सची प्रयोगशाळा पाहिली आणि आपल्याकडेही सायक्लोट्रॉन हवा असा ध्यास घेतला. त्यांचे शिष्य नागचौधुरी बर्कलेला शिकून आले, टाटांच्या विश्वस्तनिधीतून पैसा मिळाला, चुंबकाचे भाग येऊन पोहोचले. परंतु निर्वात पोकळी करणारे पंप ज्या जहाजातून येत होते ते युद्धात बुडाले. मग इथेच पंप घडविण्याची खटपट करावी लागली, आणि त्यात वर्षांमागून वर्षे गेली. पुस्तकातील सूत्र आणता येते, पण पंपाची कारागिरी स्वतःच्या हाती असल्यावाचून यंत्र चालत नाही, हा धडा या देशाला तिथे मिळाला.

होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. या संस्थेच्या कुलाब्याच्या आवारात १९८८ च्या अखेरीस पेलेट्रॉन नावाचा त्वरक सुरू झाला. टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा हा संयुक्त उपक्रम. मुख्य यंत्र अमेरिकेतून आणलेले होते. त्याचा वेग आणखी वाढवावा म्हणून त्याला जो पुढचा भाग जोडला तो मात्र आपल्या लोकांनी इथे घडविला. त्यात तांब्याचे अठ्ठावीस पोकळ डबे आहेत आणि त्यांवर आतून शिशाचा अगदी पातळ मुलामा दिलेला आहे. कल्हईवाला पितळेच्या भांड्याला कल्हई लावतो, त्यात एक ठिपका जरी सुटला तरी भांडे कळकते. इथेही मुलाम्यात डाग राहिला तर डबा निकामी होतो. फरक इतकाच की, हे काम विजेच्या साहाय्याने आणि कमालीच्या स्वच्छतेत करावे लागते. २००७ साली हा सगळा भाग पुरा झाला.

शिसेच का, याचे उत्तर १९११ साली हॉलंडमध्ये मिळाले होते. कामरलिंग ओन्नेस याने १९०८ मध्ये हेलियम वायूचा द्रव केला आणि त्या द्रवाच्या थंडीत, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर, पारा थंड केला. तेव्हा पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. या गुणाला अतिसंवाहकता म्हणतात. शिसे, निओबियम अशा इतरही काही धातूंच्या अंगी तो असतो. ज्या हेलियमवाचून हे घडत नाही त्याचा माग लागला तो आपल्याच भूमीवर दिसलेल्या, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन त्या वेळी गुंटूरला होता. आपल्याकडे लॉकियर साहेबाचे नाव विजयदुर्गाशी जोडतात. परंतु त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होता आणि त्याने आपले निरीक्षण तिथूनच केले.

तांब्याच्या साध्या डब्यांत वीज खेळविली की डबे तापतात आणि पुष्कळशी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. अतिसंवाहक डब्यात हा नाश जवळजवळ होत नाही. अर्थात थंडी फुकट मिळत नाही. इतक्या थंड जागेतून एक वॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी शेकडो वॅट वीज खर्ची पडते. तरीही, यंत्र अखंड चालवावयाचे असेल तर हिशेब अतिसंवाहकाच्याच बाजूने लागतो.

अखंड चालणारे यंत्र कशाला हवे, असे कोणी विचारील. याचा संबंध थोरियमशी आहे. आपल्याकडे युरेनियम थोडे. थोरियम मात्र केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत विपुल आहे. १९५४ साली भाभांनी तीन टप्प्यांची अणुशक्ती-योजना मांडली, तिचे अखेरचे लक्ष्य हेच थोरियम होते. थोरियम आपण होऊन पेट घेत नाही. त्याला बाहेरून न्यूट्रॉन पुरवावे लागतात. १९९० नंतरच्या दशकात इटलीचे कार्लो रुबिया यांनी असे सुचविले की, हे न्यूट्रॉन त्वरकाने द्यावेत. वेगवान प्रोटॉन शिशासारख्या जड धातूवर आदळला की एकेका प्रोटॉनामागे वीस-पंचवीस न्यूट्रॉन उसळतात. त्यांवर अणुभट्टी चालते आणि प्रोटॉनांचा झोत थांबविला की भट्टीतील साखळी विझते. दीर्घकाळ विषारी राहणारा अणुकचराही तीत जाळता येईल अशी आशा आहे.

आपल्या अणुशक्ती खात्याने २००१ च्या सुमारास या मार्गाचा आराखडा तयार केला. त्याचे अंतिम माप असे : प्रोटॉनांचा वेग शंभर कोटी व्होल्टांचा आणि झोताचा प्रवाह तीस मिलिअँपिअरचा. गुणाकार केला म्हणजे झोताची शक्ती तीस मेगावॅट होते. उच्च तीव्रतेचा त्वरक म्हणतात तो हा. एवढे यंत्र एकदम बांधता येत नाही, म्हणून पहिली पायरी तुर्भे येथे घेतली. तिथे दोन कोटी व्होल्टांपर्यंत नेणारा त्वरक उभा राहिला आणि २०२३ साली त्याने आपला ठरलेला वेग गाठला. हा भाग साध्या तांब्याच्या जातीचा आहे. वरच्या पायऱ्या अतिसंवाहक डब्यांच्या असावयाच्या आहेत आणि त्या अजून चढावयाच्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तीस मेगावॅटचा हा झोत एका नळीतून जाणार. त्यातील थोडेसे प्रोटॉन वाट चुकून नळीच्या भिंतीवर आदळले तर भिंत किरणोत्सर्गी होते, म्हणजे यंत्र बंद केले तरी ती किरण फेकीत राहते. मग बिघडलेली झडप बदलावयास जाणार कोण? अमेरिकेत लॉस अलामोस येथे १९७२ पासून असा एक मोठा त्वरक चालला. त्याच्या आणि त्यासारख्या इतर यंत्रांच्या अनुभवावरून, विसावे शतक संपता संपता एक नियम रूढ झाला : नळीच्या दर मीटर लांबीला झोताची गळती एक वॅटच्या आत असली पाहिजे. इतकी गळती असली तर यंत्र बंद केल्यावर काही तास थांबून, ठराविक मर्यादित वेळ, माणूस जवळ जाऊन स्वतःच्या हाताने दुरुस्ती करू शकतो. तीस मेगावॅट म्हणजे तीन कोटी वॅट. तेव्हा अशा यंत्राच्या शेवटच्या टोकाला दर मीटरमागे तीन कोटी भागांपैकी एकच भाग सांडण्याची मुभा आहे.

मंडळी, हा आकडा निसर्गाने घालून दिलेला नाही. प्रोटॉनाला त्याचे सोयरसुतक नाही. यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शरीराला काय सोसवेल, त्यावरून तो काढला आहे, आणि मग त्यात बसेल असे यंत्र आखावयाचे आहे. चुंबक किती, नळी किती रुंद, कण कसे जुळवावयाचे, हे सारे त्या एका वॅटच्या मागून येते. अतिसंवाहक डब्यांचा दुसरा मोठा लाभही इथेच आहे. वीज वाया जात नसल्यामुळे त्यांचे भोक मोठे ठेवणे परवडते आणि झोत भिंतीला घासण्याचा धोका कमी होतो.

हे डबे बनविणे हीसुद्धा मजुरीच आहे, आणि जोखमीची. शुद्ध निओबियमचा पत्रा दाबून अर्धे अर्धे भाग करावयाचे, निर्वात जागेत इलेक्ट्रॉनांच्या झोताने ते सांधावयाचे, तीव्र आम्लांनी आतला पृष्ठभाग खरवडावयाचा आणि मग अतिशुद्ध पाण्याच्या फवाऱ्याने धुवावयाचा. त्या आम्लांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जाते. आत धुळीचा एक कण राहिला तरी डबा पुऱ्या दाबावर चालत नाही. आपल्या जिनांतील कामगारांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गाठीत एक सुतळीचा तुकडा गेला तर गिरणीवाला काय म्हणतो, हे त्यांना ठाऊक आहे.

ही विद्या आता आपल्या हाती येत आहे. २००९ पासून तुर्भे, इंदूर, कलकत्ता आणि दिल्ली येथील चार संस्था अमेरिकेतील फर्मिलॅब या प्रयोगशाळेबरोबर काम करीत आहेत. २०१८ साली दोन्ही सरकारांचा त्याविषयी करारही झाला. तिथे ऐंशी कोटी व्होल्टांचा अतिसंवाहक त्वरक उभा राहत आहे. त्यासाठी आपल्याकडून जाते ते डबे, चुंबक आणि वीज पुरविणारी उपकरणे या रूपाने जाते. साहांचा पंप समुद्रात बुडाला होता. आता त्याहून अवघड वस्तू इथल्या कारखान्यांत तयार होऊन तिकडे जातात. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु यापुढील कामाला आणखी काही दशके लागतील, आणि पैसा जनतेचा लागेल. तेव्हा जनतेने समजून घेऊन प्रश्न विचारले पाहिजेत.

माझा प्रश्न तुमच्या-माझ्या अंगणातला आहे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. कपाशी छातीच्या वर वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. औषधाची मात्रा किडीच्या हिशेबाने ठरलेली होती, पंपाचा जोर पिकाच्या हिशेबाने ठरलेला होता. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला किती सोसवेल, हा आकडा त्याच्यापर्यंत कोणी पोहोचविला होता? त्वरकाजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर किरणे मोजणारा बिल्ला असतो, वर्षाकाठी त्याला किती किरणे लागली तर चालतील याची मर्यादा ठरलेली असते. फवारणी करणाऱ्याच्या छातीवर काय होते? घामाने भिजलेला सदरा.

हा भेद का पडला? शास्त्रज्ञ दयाळू आणि इतर निर्दय, असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या मते त्याचे कारण मघाच्या मोतीबिंदूत आहे. त्वरकाच्या धंद्यात आराखडा काढणारा आणि आत हात घालणारा प्रारंभी एकच होता. इजा त्याच्या डोळ्याला झाली, आणि ती लिहून काढण्याची विद्या व छापून आणण्याची प्रतिष्ठा त्याच्यापाशी होती. म्हणून माणसाची सोसण्याची मर्यादा यंत्राच्या मोजमापात शिरली. शेतात आणि खाणीत आखणारा वेगळा असतो आणि राबणारा वेगळा. वणीकडच्या कोळशाच्या खाणींत आज जे सुरक्षेचे नियम आहेत, ते अपघातांनी आणि त्यामागून झालेल्या झगड्यांनी आले. जिथे दोघांमध्ये अंतर पडते तिथे तो आकडा आपोआप उतरत नाही. तो संघटनेने मागावा लागतो.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात उद्या कोणताही कारखाना येवो, नवी खाण खुली होवो किंवा नवे औषध शेतात येवो, आपण एवढेच विचारावे की, तुमच्या आराखड्यातला एक वॅट कुठे आहे? माणसाला सोसवेल ते माप कोणत्या पानावर लिहिले आहे? तीन कोटींतला एक भाग मोजून दाखविणारे शास्त्र ज्या देशात आहे, त्या देशात फवारणीच्या पंपामागचा माणूस मोजता येत नाही, हे उत्तर आपण मान्य करू नये.