पिसल्यावाचून पुसू नये

पत्त्यांचा डाव मांडला म्हणजे पहिले काम पिसण्याचे. पिसून झाले की जोड शेजारच्या गड्यापुढे ठेवावयाचा, त्याने तो कापावयाचा आणि मगच वाटप करावयाचे, हा रिवाज घरोघरी पाळला जातो. वाटणाऱ्याला पाने ठाऊक असू नयेत, आणि पिसणाऱ्यावरही आंधळा विश्वास टाकू नये, एवढे शहाणपण त्यात आहे. अलीकडे शहरांतून टॅरो नावाच्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याची हौस वाढली आहे. तेथेही प्रश्न पुसण्याआधी पिसण्याचे नाना प्रकार चालतात. कोणी जोड हातावर घोळतो, कोणी दोन गड्ड्या करून त्यांचे कोपरे एकमेकांत गुंफतो, कोणी पाने पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवतो, तर कोणी जोड प्रश्नकर्त्याच्याच हाती देऊन त्याला डाव्या हाताने तीन ढीग करावयास सांगतो. भविष्य खरे की खोटे, हा वाद पुष्कळ झाला. आधीच्या या पिसण्याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला नाही. आणि त्याचा माग काढू गेल्यास तो आपल्या वऱ्हाडातूनही जातो.

प्रथम पत्त्यांचेच पाहू. टॅरो ही प्राचीन मिसरी विद्या होय, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील मिलान, फेरारा येथील दरबारांतून हे पत्ते खेळण्यासाठी निर्माण झाले. जोडात पाने ७८. पुढे तीनशेहून अधिक वर्षे लोक त्यांनी मुख्यतः खेळतच होते. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या पंडिताने त्यांत मिसरचे गूढ ज्ञान दडल्याचे प्रतिपादन केले आणि खेळाच्या पानांना भविष्याची प्रतिष्ठा आली. मिसरचा खरा संबंध निराळाच आहे. युरोपात मुळात पत्ते गेले ते चौदाव्या शतकात, मामलूक सुलतानांच्या मिसरमधून. आपला गंजिफाही त्याच कुळातला मानतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनाला गंजिफा धाडल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी १२० पाने असतात. ही पाने गोल, जाड आणि रोगण चढवलेली. ज्यांना कोपराच नाही त्यांची गुंफण कशी व्हावी? म्हणून ती कापडावर पालथी पसरून हाताने कालवतात. टॅरोवाल्यांना जी रीत आपली खास वाटते, ती गंजिफाच्या बैठकीत केव्हाच रुळलेली होती.

विदर्भात मात्र पत्त्यांच्या पुष्कळ आधीपासून फासे खुळखुळत होते. विदर्भकन्या दमयंतीचा संसार फाशांनीच उधळला. पुष्कराच्या फाशांत द्वापर शिरला होता, असे महाभारत सांगते. म्हणजे पडणारे दान मोकळे नव्हते. आजचे वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात या नगराचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांच्या यादीत द्यूतही आहे आणि निमित्तज्ञानही आहे. खेळ आणि शकुन यांचे बिऱ्हाड तेव्हाही एकाच वाड्यात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

फाशांवरून प्रश्न पाहण्याच्या या विद्येला पाशककेवली म्हणत. तिची फार जुनी प्रत सापडली ती हिंदुस्थानाबाहेर. १८९० मध्ये बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रांची एक पोथी मिळाली. ती आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. वत्सगुल्माचा थोर राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ही पोथी त्यानंतर थोड्याच काळाने, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिली गेली असावी असे विद्वान मानतात. तिच्या दोन भागांत पाशककेवली आहे. चार अंकांचा फासा, तो तीनदा पडावयाचा, म्हणून उत्तरे चौसष्ट. आरंभी देवतांना वंदन करून फाशांनी नीट पडावे अशी प्रार्थना केली आहे. उत्तराची गोडी लागण्याआधी दान सरळ पडले पाहिजे, ही काळजी त्या जुन्या लेखकालाही होती.

मुसलमानी अमदानीत रमल आले. अरबीत रमल म्हणजे वाळू. मूळच्या रीतीत प्रश्नकर्ता किंवा रम्माल वाळूवर भराभर ठिपके ओढीत जातो. अट एवढीच, की ते मोजावयाचे नाहीत. मागाहून दोन-दोन ठिपके वजा करीत जावयाचे आणि शेवटी एक उरतो की दोन, ते पाहावयाचे. अशा चार ओळींतून सोळा आकृती संभवतात. आपल्याकडे वाळूच्या जागी सळईत ओवलेले धातूचे फासे आले. पण त्या 'न मोजता' या अटीत पिसण्याचे सारे मर्म आहे. हाताने करावे, परंतु मनाला कळू नये.

हीच अट लोकांच्या चालीरीतींतही निरनिराळ्या वेषांत दिसते. वऱ्हाडातल्या बाजारांतून आणि जत्रांतून बसणारा पोपटवाला जोशी चिठ्ठ्यांची रांग मांडी आणि पिंजऱ्याचे दार उघडी. पाकीट ओढण्याचे काम पाखराचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरला आणि तो जोशीही दिसेनासा होत गेला. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. वर्तुळात अठरा धान्ये, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली असे सांगतात. रात्री त्या शेतात कोणीही थांबत नाही. धान्ये हलवतो तो वारा, नाहीतर मुंग्या. पहाटे वाघ घराण्यातील मंडळी येऊन पाहतात आणि पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रात्रभर माणसाचा हात बाजूला राहतो खरा. पण पहाटे अर्थ सांगताना तो परत येतो. हरभऱ्याचा दाणा दोन बोटे सरकला, याचा अर्थ दाणा सांगत नाही, माणूस सांगतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांना आव्हान दिले आहे ते याच जागी. वाशीम जिल्ह्यातली शेती बहुतांश कोरडवाहू, सोयाबीन आणि तुरीची. उसनवारी करून बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला चुकीचा शब्द परवडत नाही. पिसणे कितीही निर्मळ असले, तरी त्याने पुढचे सांगणे निर्मळ होत नाही.

मग पिसण्याचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, तो भविष्य कळण्यासाठी नव्हे, तर न्याय होण्यासाठी. ५२ पानांच्या जोडाच्या जितक्या मांडण्या संभवतात, ती संख्या लिहू गेल्यास ६८ अंक लागतात. तो जोड नीट मिसळण्यास कोपरे गुंफण्याची क्रिया सुमारे सात वेळा तरी करावी लागते, असे बेयर आणि डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. हातावर घोळण्याची आपली नेहमीची रीत तर याहून कितीतरी मंद आहे.

अर्धवट पिसले तर काय होते, याचा दाखला अमेरिकेने दिला. १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टन येथे व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीची सोडत निघाली. वर्षाच्या ३६६ तारखा लहान कुप्यांत भरल्या होत्या. ज्याच्या जन्मतारखेची कुपी आधी निघेल त्याला बोलावणे आधी. कुप्या पेटीत महिन्यावारी टाकल्या गेल्या, डिसेंबरच्या सर्वांत शेवटी, आणि ढवळणे पुरेसे झाले नाही. परिणाम असा, की डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ तारखा पहिल्या निम्म्यात निघाल्या. कोणी लबाडी केली नव्हती. केवळ हात चार वेळा कमी फिरला. त्यापायी वर्षाच्या अखेरीस जन्मलेल्या तरुणांवर युद्धाचे बोलावणे अधिक पडले. पुढल्या वर्षी शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने तारखांचे एक आणि क्रमांकांचे दुसरे, अशी दोन फिरती पिंपे ठेवण्यात आली.

असे प्रसंग आपल्या दारीही येतात. दोन उमेदवारांना सारखी मते पडली तर निकाल चिठ्ठीने लावावा, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. २०१७ च्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच चिठ्ठीने लागला. मराठीत तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. गावोगावच्या सरपंचपदांपैकी कोणती स्त्रियांसाठी राखीव, हेही सोडतीने ठरते, आणि चिठ्ठी बहुधा एखाद्या लहान मुलाच्या हातून काढवतात. पोपटाची जागा तेथे त्या मुलाने घेतली आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा तालुक्यांच्या गावी ही सोडत निघते, तेव्हा सभागृहातले सारे डोळे त्या चिमुकल्या हातावर खिळलेले असतात. ते त्याआधी बरणीवर असावेत. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या आहेत ना, घड्या सारख्या आहेत ना, आणि बरणी पुरेशी हलवली ना, हे गावकऱ्यांनी पुढे होऊन पाहावे. डाव मांडताना जोड कापून मागण्याचा जो हक्क आपण घरी बजावतो, तोच हा हक्क आहे.