मतदानाचा आकडा मागाहून वाढतो कसा, निकालावर शिक्कामोर्तब कोण करतं? फॉर्म १७-सीची सगळी माहिती

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर ६० टक्के आकडा दिसतो. काही दिवसांनी तोच आकडा ६६ होतो. मग पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: "मधली सहा टक्के माणसं आली कुठून?"

प्रश्न विचारण्यात चूक काहीच नाही. मत आपलं आहे, तेव्हा हिशेब मागायचा हक्कही आपलाच. पण त्याचं उत्तर फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये सापडत नाही. ते एका कागदात असतं आणि तो कागद आपल्याच गावातल्या मतदान केंद्रावर, मतदान संपताच तयार होतो. त्याचं नाव फॉर्म १७-सी.

२०२४ ला नेमकं काय झालं?

लोकसभा निवडणुकीचा पहिला टप्पा १९ एप्रिल २०२४ ला झाला. आपल्या राज्यात त्या दिवशी नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर इथं मतदान होतं. त्या संध्याकाळी देशाचा अंदाजे आकडा ६० टक्क्यांच्या आसपास सांगितला गेला. दुसरा टप्पा २६ एप्रिलला झाला, तेव्हाही संध्याकाळचा आकडा साधारण ६१ टक्के होता.

निवडणूक आयोगाने दोन्ही टप्प्यांची पक्की टक्केवारी ३० एप्रिलला दिली. पहिला टप्पा ६६.१४ टक्के, दुसरा ६६.७१ टक्के. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या पक्क्या आकड्याला ११ दिवस लागले. त्यातही फक्त टक्के दिले होते, किती माणसांनी मत दिलं ती संख्या नव्हती. विरोधी पक्षांनी आणि काही संस्थांनी नेमकं यावरच बोट ठेवलं.

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रत्येक केंद्राचा फॉर्म १७-सी वेबसाइटवर टाका, अशी तिची मागणी होती. आयोगाचं म्हणणं असं की, कायद्याने हा कागद उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यायचा असतो आणि तो दिला जातो. सगळ्यांसाठी टाकायचं बंधन नाही, आणि टाकला तर फोटोत फेरफार करून गोंधळ घालता येईल. निवडणूक अर्ध्यात असल्यामुळे न्यायालयाने २४ मे रोजी तातडीचा आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांची मतदारसंघनिहाय मतदारसंख्या स्वतःहून जाहीर केली.

आता गंमत बघा. आपल्याकडे निकालाला उशीर होत नाही. मतमोजणी ४ जूनला झाली आणि ६ जूनला निवडून आलेल्या खासदारांची अधिसूचना राष्ट्रपतींकडे पोचलीसुद्धा. तरी संशय राहिला, कारण उशीर निकालाला नव्हे, त्याच्या आधीच्या आकड्याला झाला होता.

संध्याकाळचा आकडा कच्चा का असतो?

दिवसभर दर दोन तासांनी येणारी टक्केवारी हा मोजून, सही करून दिलेला हिशेब नसतो. २०२४ च्या निवडणुकांत केंद्रावरून फोनवर किंवा क्षेत्रीय अधिकाऱ्यामार्फत मिळालेला तो अंदाज होता. तो पुढे वाढायची कारणं अशी:

१. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत उभे असतात, त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. वेळेनंतर आलेल्याला चिठ्ठी मिळत नाही, पण चिठ्ठी असलेल्याचं मत रात्री आठ वाजलेत म्हणून अडत नाही.

२. दुर्गम भागातली पथकं उशिरा परततात. गडचिरोलीच्या काही भागांत मतदान दुपारी तीनलाच थांबतं आणि काही पथकांची ने-आण हेलिकॉप्टरने होते.

३. दुसऱ्या दिवशी कागदपत्रांची छाननी होते. कुठे फेरमतदान लागलं तर त्याचा आकडा नंतर मिळवावा लागतो.

४. २०२४ ला देशात साधारण साडेदहा लाख मतदान केंद्रं होती. एवढ्या ठिकाणचे आकडे सिस्टीममध्ये भरायला वेळ जातो.

ही कारणं खरी आहेत. पण रात्री रांग होती म्हणून ११ दिवस लागले, हे काही माणसाच्या गळी उतरत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेलाही हेच झालं. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के, पक्का ६६.०५ टक्के. या वेळी पक्का आकडा लवकर आला, तरी आधीचा संशय मनात होताच. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायची तयारी केली. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान रद्द झालं.

यानंतर आयोगाने २०२५ मध्ये पद्धत बदलत असल्याचं सांगितलं. केंद्राध्यक्षानेच दर दोन तासांनी आणि मतदान संपल्यावर आकडा थेट मोबाईल ॲपमध्ये भरायचा, म्हणजे मधला वेळ कमी होईल.

फॉर्म १७-सी म्हणजे काय?

हा आपल्या केंद्राचा जमाखर्च समजा. निवडणूक नियम १९६१ मधल्या ४९-एस नियमाप्रमाणे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष तो भरतात. त्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग मतदानाच्या दिवशी भरतात. त्यात मशीनचे नंबर, यादीतले एकूण मतदार, रजिस्टरमध्ये नोंद झालेले मतदार, नोंद करून मत न देता परत गेलेले आणि मशीनमध्ये पडलेली एकूण मतं, एवढं असतं. कोणाला किती मतं पडली ते यात नसतं.

दुसरा भाग मतमोजणीच्या टेबलावर भरतात. त्यात त्या मशीनमधली प्रत्येक उमेदवाराची मतं लिहितात.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या केंद्रावर १,०५० मतदार आहेत. रजिस्टरमध्ये ७०२ जणांच्या सह्या-अंगठे झाले. त्यातल्या दोघांनी सही करून मत द्यायला नकार दिला. मग मशीनमध्ये ७०० मतं हवीत. ७०० हाच आकडा १७-सीवर येतो. मतमोजणीला ते मशीन उघडलं की नोटा धरून बेरीज ७०० च यायला हवी. ७०१ आली किंवा ६९९ आली, तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची.

या कागदाची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यायची असते आणि त्याची पोच घेतली जाते. एजंट जेवायला घरी गेला आणि परत आलाच नाही, तर प्रत कोणाला देणार? अनेक गावांत गाडी इथंच अडते.

आकड्याचा निकाल कसा होतो?

• मतमोजणीच्या टेबलावर मशीनचा नंबर आणि सील मतमोजणी प्रतिनिधींना दाखवतात. मशीनमधली एकूण मतं १७-सीशी ताडून बघतात.

• टपाली मतं वेगळी मोजतात. ती १७-सीमध्ये नसतात. त्यामुळे मतदारसंघाची मोजलेली मतं ही मशीनमधल्या मतांपेक्षा जास्त दिसतात. "पडली कमी, मोजली जास्त" अशा पोस्टमध्ये पुष्कळदा हाच घोळ असतो.

• उलटही होतं. सकाळची चाचणी मतं पुसायची राहिली असतील किंवा आकडा जुळत नसेल, तर ते मशीन बाजूला ठेवतात. २०२४ च्या निवडणुकांत विजयाचं अंतर त्यातल्या मतांपेक्षा मोठं असेल तर ते मोजत नव्हते. तेव्हा एकूण संख्या कमी दिसायची.

• प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या चिठ्ठी टाकून निवडतात आणि हाताने मोजतात.

• सगळ्या केंद्रांची बेरीज फॉर्म २० मध्ये येते. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं, ते त्यात असतं.

• निवडणूक निर्णय अधिकारी फॉर्म २१-सीवर सही करून निकाल जाहीर करतात आणि विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र देतात. शेवटी आयोगाची अधिसूचना निघते आणि नवीन लोकसभा अस्तित्वात येते.

उशीर आणि अंधार एकत्र आले तर?

आफ्रिकेतल्या केनिया देशाने याची मोठी किंमत मोजली. तिथं २७ डिसेंबर २००७ ला राष्ट्रपतीपदासाठी मतदान झालं. सुरुवातीला रैला ओडिंगा पुढे होते. मग आकडे रखडले. ३० तारखेला म्वाई किबाकी विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी त्यांचा शपथविधीही उरकला. त्यानंतरच्या दंगलींत अकराशेहून जास्त माणसं मेली, सुमारे सहा लाख लोकांना घरदार सोडावं लागलं. पुढे चौकशी आयोगाने सांगितलं की आकड्यांचा इतका विचका झालाय, की खरं कोण जिंकलं ते आता सांगता येणार नाही.

२०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकालच रद्द केला. केंद्रांवरचे आकडे आणि फॉर्म वर पाठवण्याची पद्धत नियमाप्रमाणे पाळली नव्हती, हे मोठं कारण होतं.

२०२२ ला आयोगाने वेगळं केलं. तिथंही आपल्या १७-सीसारखा केंद्राचा फॉर्म असतो, त्याला ३४-ए म्हणतात. त्यावर उमेदवारांची मतंही असतात. ४६ हजारांहून जास्त केंद्रांच्या या फॉर्मचे फोटो सगळ्यांना बघता येतील असे वेबसाइटवर टाकले. निकालाला तेव्हाही सहा दिवस लागले. सातपैकी चार निवडणूक आयुक्तांनी निकाल मान्य नसल्याचं सांगितलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल कायम राहिला. पण २००७ सारखा वणवा पेटला नाही, कारण ज्याला शंका होती त्याला फॉर्म उघडून बेरीज करता येत होती.

उशीर माणूस सहन करतो. एसटी उशिरा आली तरी आपण थांबतो, फक्त ती कुठवर आली ते कोणीतरी सांगायला हवं.

शंका आली तर काय करता येतं?

मतदानाच्या दिवशी: एजंटने शेवटपर्यंत बसायचं, १७-सीची प्रत घ्यायची, मशीनचा नंबर बरोबर लिहिलाय का बघायचं आणि मतदान केंद्राबाहेर आल्यावर कागदाचा फोटो काढून ठेवायचा. तुम्ही साधे मतदार असाल तर प्रत थेट तुम्हाला मिळणार नाही, पण गावातल्या कोणत्याही पक्षाच्या एजंटकडे ती बघता येते.

मतमोजणीच्या दिवशी: बेरीज जाहीर झाल्यावर आणि फॉर्म २० वर सही होण्याआधी उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला फेरमोजणीचा लेखी अर्ज देता येतो. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. सही झाली की ही वाट बंद.

निकालानंतर ७ दिवसांत: दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खर्च भरून विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनच्या तपासणीची मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला ही सोय दिली.

निकालानंतर ४५ दिवसांत: उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. ही उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघाचा कोणताही मतदार करू शकतो. मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ ला रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले. अमोल कीर्तिकर यांनी निकालाला आव्हान दिलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ४८ मतं म्हणजे आपल्याकडची एखादी छोटी वाडीसुद्धा नाही. म्हणून केंद्राचा हिशेब नीट असणं महत्त्वाचं.

मेसेज पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी बघा

आकडा किती वाजताचा आहे? टक्के आहेत की माणसं? टपाली मतं धरली आहेत का? आणि आकडा कोणत्या केंद्राचा आहे, ते लिहिलंय का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर असेल, तर ते तपासता येतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर फॉर्म २० मध्ये आपल्या केंद्राचा नंबर शोधा आणि एजंटकडच्या १७-सीशी जुळवा. जुळलं तर मेसेज तिथंच थांबवा. नाही जुळलं तर ग्रुपवर नको, दोन्ही कागद घेऊन उमेदवाराकडे आणि वकिलाकडे जा. फक्त ४५ दिवसांची मुदत लक्षात ठेवा.